पंगत कशासाठी होती

दुपार कलायला लागली आहे आणि हेमलता तारळेकर अजून जेवलेली नाही. दिवाणावर आडवी होऊन तिने मोबाइल तोंडासमोर धरला आहे. ‘ज्यांनी चूल मांडली ते गेले, उरले ते ऊब घेणारे’ एवढं लिहून झालं आहे, पुढची ओळ काही सुचत नाही. डोक्यावरच्या पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो आणि पडद्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी सरकू लागतात. डोळे मिटायचे नाहीत असं ती स्वतःला बजावते, आणि मिटते.

तिला घाई आहे, कारण सकाळीच ग्रुपवर जमदारवहिनींचा निरोप आला आहे. कॉलनीची पंगत या महिनाअखेर बंद करावी असं त्यांचं म्हणणं, कुणाची हरकत असेल तर संध्याकाळपर्यंत सांगावं. अजून एकाही घराने तोंड उघडलेलं नाही. हेमलताची हरकत आहे, अगदी पोटातून आहे. पण सरळ हरकत घेईल तर ती हेमलता कसली! जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला. साधं वाक्य लिहायचं म्हणजे तिला बिनफोडणीची आमटी वाढल्यासारखं वाटतं. मनातलं जे काही असेल ते ती स्टेटसला टाकते, तेही आडून. पुण्याची भाची त्याला हात जोडते, आणि कॉलनीतले लोक हे नक्की कुणाला म्हटलंय याचा दिवसभर कीस पाडतात.

मागचं दार ढकललं जातं. त्या दाराने न विचारता येणारं माणूस एकच होतं. प्रमिला माने फडक्यात धरलेलं पातेलं घेऊन आत येते आणि टाचेनेच दार लावते. ती गेल्या थंडीत गेली हे हेमलताला पक्कं ठाऊक आहे. पण त्यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. पमाने फडकं नीट धरलंय ना, हाताला चटका बसत नाही ना, एवढीच काळजी वाटते.

“जेवली नाहीस अजून?” पमा विचारते.

“भूक नव्हती.”

“हेमे, मला नको सांगू. सरक तिकडं, मी बसतो हितं.” कोल्हापूरच्या जुन्या बायका बोलतात तशी पमा कायम ‘मी बसतो, मी जातो’ म्हणायची. सासवडहून आलेल्या हेमलताने लग्नानंतर कितीतरी वर्षं त्याला नाक मुरडलं होतं. आज ते ऐकून ती पटकन सरकून जागा करते.

पातेल्यात आख्खा मसूर आहे. पहिल्या दिवशीही हाच होता. पमाचे यजमान जाऊन थोडेच दिवस झाले होते, हेमलताचे त्याच्याही आधी गेलेले. दोघींची मुलं परगावी. पमा असंच पातेलं घेऊन आली होती आणि दारातच म्हणाली होती की एकटीसाठी शिजवायला हात उचलत नाही, आणि शिजवलं तरी मीठ जास्त पडलंय हे सांगायचं कुणाला? त्या दिवशी दोघी एकत्र जेवल्या. मीठ खरंच जास्त पडलं होतं. दोघी त्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पमाने घरोघर जाऊन सगळ्यांना समजावलं होतं: रोज एका घराने भाजी-आमटी करायची, बाकीच्यांनी आपापली भाकरी किंवा भात ताटात घेऊन तिथे जायचं आणि व्हरांड्यात बसून जेवायचं. कशासाठी, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, जेवताना समोर माणूस पाहिजे, म्हणून. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं सोपं. कॉलनीतले सगळे म्हातारे-कोतारे ताटं घेऊन रस्त्याने निघायचे तेव्हा भाजीवालाही गाडी थांबवून बघत राहायचा.

पमा झाकण काढते. वाफ वर येते, आणि वाफेच्या पलीकडे फळा आहे. हेमलता वर्गात उभी आहे, अंगावर शाळेत नेसायची ती गुलबक्षी काठाची साडी. बाकांवर सगळी कॉलनी बसली आहे, गुडघे बाकात मावत नाहीत म्हणून तिरकी. पहिल्या बाकावर जमदारवहिनी, पिकल्या केसांच्या दोन वेण्या, लाल रिबिनी. पमा मागच्या भिंतीला टेकून उभी आहे, शाळा तपासायला आल्यासारखी.

“त्यांना वाचून दाखव तुझं,” पमा म्हणते.

फळ्यावर तिच्याच वळणदार अक्षरात तिचं गेल्या महिन्यातलं स्टेटस आहे. भांडी भरली, पानं रिकामी राहिली. ती छान आवाज लावून वाचते. मग जमदारवहिनी हात वर करतात.

“बाई, हे माझ्या डब्याला म्हटलंय का?”

हेमलता चपापते. पमा गेल्यापासून लोक जेवायला थांबेनासे झाले होते, डबा भरून घरी न्यायला लागले होते. जमदारवहिनींचा डबा चांगला ऐसपैस, कारण त्यांच्या दिरालाही त्यातलंच द्यायचं असतं. स्टेटस वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा आणणं बंद केलं, मग येणंही बंद केलं. इतकं सगळं झालं आणि हेमलताने त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मागून आणखी एक हात वर होतो. मग आणखी एक. बाई, आमच्या आमटीला का? बाई, आमचे हे वाढून झाल्यावर येतात म्हणून का? बघता बघता सगळा वर्ग हात वर करून बसतो. कुणी रागावलेलं नाही, आणि त्याचीच हेमलताला जास्त लाज वाटते.

“नाही,” ती म्हणते. “तुम्हाला कुणालाच नाही.”

“मग कुणाला?” पमा मागून विचारते.

उत्तर द्यायला हेमलता वळते तर फळा नाही. बाक एकमेकांना चिकटून लांबच लांब पाट झालेत आणि दोघी पमाच्या व्हरांड्यात शेजारी बसल्या आहेत. व्हरांड्याची शेवटची पायरी पंचगंगेत उतरली आहे. पाणी पावलांना लागतं तरी ताटं जिथल्या तिथे आहेत. मसूर, ज्वारीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा. हेमलता जेवते. कितीतरी दिवसांनी घास आपोआप खाली जातो. पमा मुलाच्या नोकरीचं सांगते, पडलेल्या भिंतीचं सांगते, सगळं जुनं, हजारदा ऐकलेलं. हेमलता नव्याने ऐकल्यासारखी हुंकार देते. ताट रिकामं होतं, उठायला कुणी मागत नाही, उजवा हात ताटावरच वाळून जातो.

“आता सांग,” पमा म्हणते. “रिकामं पान कुणाचं?”

“माझं.”

“नीट सांग. मला कळंल असं सांग.”

हेमलता पाण्याकडे बघते. एकामागून एक सुंदर शब्द जवळ येतात आणि पमाच्या चेहऱ्याकडे बघून परत जातात.

“सगळे डबे घेऊन जातात, पमा. मग मी एकटी उरते. मला एकटीला घास उतरत नाही. तू गेल्यापासून मी धड जेवलेली नाही.”

पमा मान डोलावते. “एवढंच तर होतं. हे त्यांना का नाही सांगितलंस?”

“मागितल्यासारखं दिसतं ते.”

“मग माग की. मी नाही का पातेलं घेऊन तुझ्या दारात उभारलो होतो? त्यांना वाटतंय, पंगत म्हणजे स्वयंपाकाचा ताप वाचवायची सोय. ती कशासाठी होती ते आता तुझ्याशिवाय कोण सांगणार, हेमे? मला काय आता तिकडं येता येत नाही.”

हेमलता तिचा हात धरायला जाते. पाणी वर येतं, ताटं हलकेच तरंगू लागतात, आणि पमा पदर खोचून ती गोळा करायला वाकते, नेहमीसारखी.

पंखा डोक्यावर फिरतो आहे. उशीवर ओलावा आहे. हेमलता केस मागे सारायला उजवा हात उचलते आणि तसाच धरून ठेवते. बोटं पेरांपर्यंत लालसर झाली आहेत, रस्सा वाळून कातडी ताणली आहे, नखात मसुराचं एक साल अडकलं आहे. ती उठून स्वयंपाकघरात जाते. ओटा कोरडा आहे, भांडी पालथी आहेत, मसुराच्या डब्याचं झाकणसुद्धा हललेलं नाही. ती हात नाकाशी नेते. पमाच्या कांदा-लसूण चटणीचा वास तिला अंधारातही ओळखता येईल.

मग मोबाइल आणते. उजव्या हाताने काही करवत नाही, म्हणून डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधत आधीची ओळ पुसते आणि नवं लिहायला घेते. डाव्या हाताला शब्द सजवता येत नाहीत.

‘पंगत बंद करायला माझी हरकत आहे. पमाने ती एकटं जेवायला लागू नये म्हणून सुरू केली होती. मला एकटीला जेवण जात नाही. माझ्या स्टेटसमधलं काहीच तुम्हा कुणाबद्दल नव्हतं. जमदारवहिनी, तुम्हाला लागलं असेल तर माझं चुकलं. मी अजून जेवले नाही.’

वाचून बघितलं तर पाठवणं होणार नाही, म्हणून ती न वाचताच पाठवते. मोबाइल ओट्यावर पालथा ठेवते. तो लगेच थरथरतो. जमदारवहिनींचं उत्तर आहे.

‘मीही नाही. कधी येऊ?’

‘आत्ता या,’ हेमलता लिहिते. ‘ताट घेऊन.’

मग ती तांदूळ काढायला वळते. भात टाकायचा तर हात धुवावा लागणार. नळाखाली हात धरून ती थोडा वेळ उभी राहते, बोटांकडे एकदा नीट बघून घेते, आणि नळ सोडते.