गोजरबाईचं बोट

अठ्ठ्याहत्तर साली मी जनावरांच्या खात्यात नोकरीला होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. चांगला खिलार वळू निवडायचा, म्हणजे खातं त्याचं बीज चाळीस गावांतल्या गायींना पुरवणार. माझ्या फॉर्मात उंची, छाती, शिंगं, खूर, कातडी, सगळ्याला रकाने होते.

मोडनिंबजवळच्या एका वस्तीवर कोंडीबाचा वळू पाहिला आणि मी खूश झालो. नऊ वर्षांचा, पांढराशुभ्र. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात त्यानं मालकाला दोनदा फेटा मिळवून दिला होता. कोंडीबा तो फेटा बांधूनच माझ्यापुढं उभा होता.

"ह्याची आई कशी होती?" मी सवयीनं विचारलं.

"लक्ष्मी हुती, सायेब," कोंडीबा म्हणाला.

"त्यो आईला कदी प्यालाच न्हाय," गोठ्याच्या दारातून त्याची बायको गोजरबाई बोलली.

"तू गप ऱ्हा की!"

ती गप राहिली नाही. त्या गाईचे सड इतके जाड होते की, वासराच्या तोंडात मावेनात. गोजरबाईनं वाटीत चीक काढला, बोट बुडवून त्याच्या तोंडात धरलं आणि बारा दिवस त्याला असं जगवलं. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

पुढं वस्तीत कुणाची कालवड पहिल्यांदा व्याली आणि वासराला सड धरता आला नाही की, गोजरबाईला बोलावणं यायचं. तिच्या हाताला गुण आहे म्हणायचे. पण प्रत्येक गोठ्यात ती एकच विचारायची, कालवडीचा बाप कोण? उत्तरही एकच यायचं. या वळूच्या अकरा लेकी व्याल्या, त्यांतल्या आठ जणींचे सड जाड. दुसऱ्या वळूच्या लेकींना काहीच त्रास नव्हता.

"वरीस झालं मला उमगून," ती म्हणाली. "घराची अब्रू म्हनून गप बसले. पर चाळीस गावं म्हन्ता तुमी. तितं माजं बोट कुटं पुरंल?"

मला लाज वाटली. वळूला कास नसते, म्हणून ती बघायचं आम्हा शहाण्यांना सुचलंच नव्हतं. आजीची कास या देखण्या वळूच्या अंगातून नातींकडं गेली होती, आणि ते ओळखलं होतं या बाईनं. दुपारभर तिच्याबरोबर गोठे फिरलो. आठही कालवडी पाहिल्या. दोघींची वासरं मेलेली होती, कारण गोजरबाईला बोलावायला उशीर झाला होता. फॉर्मात सडांना रकाना नव्हता. शेऱ्यात सगळं लिहिलं आणि वळू नापसंत केला.

आठवड्याच्या आत कोंडीबानं वळू खच्ची करून घेतला आणि बायकोशी बोलणं टाकलं. वस्तीचा राग मात्र वळूवर निघाला नाही, तिच्यावर निघाला. वर्षभर ठाऊक होतं तर बोलली का नाही? मला त्या लोकांची चीड आली. पण ज्यांची वासरं गेली होती, त्यांचा प्रश्न खोटा होता असं आजही म्हणवत नाही.

महिन्यानं मी पुन्हा गेलो. शेजारच्या बाळासोची कालवड नुकतीच व्याली होती, तीही याच वळूची. गोजरबाईला कुणी बोलावलं नाही. ती आपणहून वाटी घेऊन गेली, तर बाळासोच्या आईनं, सारजाबाईनं, तिला दारातूनच परत पाठवलं. "आमचं आमी बगू," म्हणाली. त्यांनी नळीनं दूध ओतलं, वासराला ठसका लागला. दोन दिवस ते ओरडत होतं. तिसऱ्या दिवशी मेलं.

हे सांगताना गोजरबाई रडत नव्हती. मलाच राहवेना. म्हणालो, "बाई, तुमच्या एका शब्दानं चाळीस गावांतली वासरं वाचली."

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"ती मला कुटं दिसत्यात, सायेब? ह्ये मातर भिंतीपल्याड वरडत हुतं. आन् मी हितं मोकळी बसले हुते."