काळ्या पायांची पाखरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते तर आता उरलेच नाहीत — मग बोलून तरी काय उपयोग? पण तुम्ही लांबचे. तुमच्याशी बोलताना निदान नजर चुकवावी लागत नाही.

माझे सासरे शिक्षक होते. उमापूरच्या आसपासच्या शाळांमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, नवरा अण्णा म्हणायचा, मी मामा म्हणायचे. जिथं बदली झाली तिथं त्यांनी लिंबाची झाडं लावली. उन्हाळ्यात फुटक्या मडक्यांच्या खापरांत पाखरांसाठी पाणी ठेवायचे आणि नुसत्या आवाजावरून कोण आलंय ते सांगायचे. निवृत्त झाले, गुडघे गेले, फिरणं संपलं. तशी त्यांनी पाखरं हातानं करायला घेतली. ज्वारीचं वाळलेलं धाट सोलायचं. आतल्या पांढऱ्या गाभ्याचं अंग, सालीचे पंख, आणि जळालेल्या पाणमोटारीतून काढलेल्या तांब्याच्या तारेचे पाय. एकेका पाखराला दोन-दोन दिवस लागायचे. धाटाची साल धारदार असते, बोटं कापायची. चिंधी बांधून पुन्हा बसायचे.

मी अंगणवाडीत सेविका. दर शनिवारी ते माझ्या हातात एक पिशवी ठेवायचे — "लेकरायला दे गं, मंगल." पहिली पिशवी मी नेली, हे खरं. लेकरांनी तासाभरात पाखरांचा भुगा केला. तो झाडता झाडता माझी कंबर मोडली, आणि नेमक्या त्याच दिवशी पाहणीला आलेल्या बाईंनी तार कुणाच्या डोळ्यात जाईल म्हणून मला झापलं. घरी येऊन एवढंच सांगायचं होतं. का नाही सांगितलं? भीती म्हणावी, तर मामांनी माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. आळस — दुसरं काय? खोटं बोलणं सोपं पडलं.

दुसरी पिशवी मी मागच्या अंगणातल्या पाण्याच्या चुलीत घातली. वाळलेलं धाट, भसकन पेटलं. त्यावर तापलेल्या पाण्यानं मामांनी अंघोळ केली.

मग ते सुरूच झालं. संध्याकाळी विचारायचे, "काय म्हनली लेकरं?" मी सांगायचे, आयेशा पोपट उशाशी घेऊन झोपली, शिवा होला पाहिजे म्हणतो. नावं खरी, बाकी सगळं माझ्या मनचं. ते लगेच शिवासाठी होला करायला बसायचे. खोटं पचतंय म्हटल्यावर मला त्यात गोडी वाटायला लागली — तेही सांगून टाकते. एकदा म्हणाले, रिक्षा करून येतो, लेकरं बघतो. मी म्हणाले, गोवराची साथ आहे. पुन्हा म्हणाले, तेव्हा छप्पर गळतंय म्हणून सांगितलं.

आता राखेचं सांगते. त्या चुलीची राख मामा रोज सकाळी चाळायचे. परसातल्या वांग्यांवर मावा पडू नये म्हणून ती पानांवर टाकायचे. चूल मी पेटवायचे, पण राखेला मी कधी हात लावला नाही. राखेत काय उरतं, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

एका शनिवारी त्यांनी पिशवी दिली, आणि संध्याकाळी काही विचारलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. मला हायसं वाटलं. वय झालं, विसरतात, असं मी धरून चालले. एकदा फक्त पाखराचे पाय वळवता वळवता म्हणाले, "ही तार लई मऊ झाली बघ. वळवायला जोर लागत न्हाई." मी बरं म्हणाले आणि भाकरी थापायला गेले.

अशी दोन वर्षं. पिशव्या येत राहिल्या, मी जाळत राहिले.

या उन्हाळ्यात मामा गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला निघताना नवरा म्हणाला, "अण्णायचं एखादं पाखरू घे, निवदाजवळ ठिवू." मी त्यांचा पत्र्याचा डबा पहिल्यांदाच उघडला. आत तारा होत्या. बोटभर लांबीच्या, सरळ केलेल्या, दोऱ्यानं जुड्या बांधून ठेवलेल्या. नवी तार तांबूस असते, चकचकते. या सगळ्या काळ्या होत्या — चुलीतून जाऊन आलेल्या. शेजारी चार पाखरं तयार होती, काळ्या पायांची. दोन वर्षं तेच पाय माझ्या हातात परत येत होते, आणि मी पिशवीत एकदा डोकावलेही नव्हते.

एक पाखरू घेतलं आणि सगळ्यांबरोबर गेले. नवऱ्यानं ते राखेशेजारी ठेवलं. ते बघून शेजारच्या गयामावशींना हुंदका आला. म्हणाल्या, "मागल्याच महिन्यात गुरुजी मला म्हनले, माज्या सुनंनं माज्या हाताचं सोनं केलं. एक पाखरू वाया जाऊ दिलं न्हाई. खरंच गं मंगल, समदी नेलीस लेकरायला?"

मागच्याच महिन्यात. म्हणजे सगळं ठाऊक असताना.

सगळे माझ्याकडे बघत होते. समोर त्यांची राख होती. तिथं तरी खरं बोलायला नको होतं का?

मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "हो मावशी. लेकरायला लई आवडायची."