पन्नासचा गट

त्या वर्षी कुस्तीच्या जिल्हा निवड चाचणीला मी त्रेपन्न किलोच्या गटात खेळणार, हे मी गृहीत धरलं होतं. माझं वजनच तेवढं होतं. पण तालमीत आमच्या वस्तादांनी वेगळंच ठरवलं. करमाळ्याची एक मुलगी त्रेपन्नमध्ये खेळायची आणि आदल्या वर्षी तिनं मला चितपट केलं होतं.

"तिच्या वाटंला जायचंच कशाला?" वस्ताद म्हणाले. "तू पन्नासला उतर. तितं समद्या चिमण्या हायत."

"पण वस्ताद, वजन?"

"वजनाचं काय, घामानं जातंय की."

घाम हा विषय सोलापूरकराला शिकवावा लागत नाही. त्यात एप्रिल चाललेला. मोठ्या शहरातले खेळाडू म्हणे वजन उतरवायला वाफेच्या खोलीत बसतात. आमचं घर पत्र्याचं. दुपारी नुसतं दार लावून घेतलं की झालं. मी अंगात दोन स्वेटर, वर बाबांचा रेनकोट घालून दोरीच्या उड्या मारायचे. आई सरकारी दवाखान्यात नर्स. दिवसभर लोकांना सलाइन लावून ती घरी यायची, तर पोटची पोर स्वतःला पापडासारखी वाळवत बसलेली.

"हा कुठला खेळ गं?" ती म्हणायची. "कुस्ती म्हणजे खायचं काम ना? आमच्या वेळी पैलवान घरात आला की डबे लपवायचे."

गल्लीतल्या बायकांना मात्र पहिल्यांदाच माझं कौतुक वाटायला लागलं. तोवर त्यांना माझे खांदे खुपायचे. "असल्या खांद्याच्या पोरीला कोण करून घेणार?" हा त्यांचा आवडता प्रश्न. आता गालफडं बसली, डोळे खोल गेले, चालताना मी भिंतीला हात लावायला लागले, तर म्हणे, "काय नाजूक दिसायला लागली!" शेजारच्या काकूंनी तर स्थळच आणलं. मुलगा करमाळ्याकडचा नव्हता, एवढीच त्यातली जमेची बाजू. मी म्हटलं, "काकू, काय बघायचंय ते लवकर बघून घ्या म्हणावं. सोमवारपासून मी जेवणार आहे."

चाचणी रविवारी होती. शनिवारी पाणी बंद. वस्तादांनी चिंच दिली. चघळायची, तोंडाला पाणी सुटलं की थुंकायचं, कारण थुंकीलाही वजन असतं. दुपारपर्यंत चिंचेनंही हात टेकले. जीभ टाळूला चिकटून बसली. नळाखाली बादली भरायला लागली तरी तो आवाज ऐकवेना, म्हणून मी शेजारच्या काकूंच्या गच्चीवर जाऊन बसले.

रविवारी सकाळी वजनाच्या रांगेत उभी होते. मागून कोणीतरी घोगऱ्या आवाजात विचारलं, "ही रांग पन्नासचीच हाय न्हवं?"

मी वळून पाहिलं. करमाळ्याची! तिचीही गालफडं बसली होती, ओठ फुटले होते. आधी वाटलं, उपाशीपोटी मला भास होतोय. तिनंही माझ्याकडे तसंच बघितलं. बोलायला लागणारी थुंकी दोघींकडेही शिल्लक नव्हती.

वजन बसलं. मी घाईघाईनं केळी खाल्ली, पाणी प्यायले. अंग गरम करून मॅटजवळ जाऊन उभी राहिले, तर कळलं की प्रमुख पाहुणे यायचे आहेत. ते आले तेव्हा अंग पुन्हा थंड पडलं होतं. पाहुण्यांनी बूट घालूनच मॅटवर उभं राहून भाषण केलं. लहानपणी तेही कुस्ती खेळायचे. सगळेच पाहुणे खेळायचे. आजच्या पिढीत चिकाटी राहिली नाही, असं त्यांनी सांगितलं आणि सांगता सांगता दोनदा थांबून पाणी प्यायले. एवढ्या श्रमांबद्दल त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला. मग उरलेल्या वेळात कुस्त्या सुरू झाल्या.

चिमण्यांनी आम्हा दोघींचाही घाम काढला. त्या मुळातच पन्नासच्या होत्या, पोटभर जेवून आल्या होत्या. तरी कसंबसं निभावलं आणि शेवटच्या कुस्तीला आम्ही दोघी समोरासमोर आलो.

पहिल्या फेरीत थोडीफार झटापट झाली. दुसऱ्या फेरीत आधी बोटं गेली. तिचं मनगट धरलंय असं मला वाटायचं आणि बघावं तर हात रिकामा. मग मांड्या थरथरायला लागल्या. मानेला मान भिडली होती. तिचा हात माझ्या मानेवर होता, पण ओढायला नव्हे, टेकायला.

"थांब की गं जरा," ती कानाशी म्हणाली. "लई दम लागलाय."

"मलाही. पण सोडू नकोस, नाहीतर मी पडेन."

"बघा, मंडळी!" माइकवरचा निवेदक ओरडला. "दोन वाघिणी एकमेकींचा अंदाज घेतायत!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बाहेरून वस्ताद ओरडत होते, "पट काढ, पट काढ!" पट काढायचा म्हणजे खाली वाकून तिचा पाय धरायचा. मी वाकले असते, तर तिथंच झोपले असते. शेवटी पंचांनी अॅक्शन, अॅक्शन असा धोशा लावला आणि आम्ही लाजेकाजेस्तव हललो. दोघीही कोसळलो. कोसळताना ती वर राहिली, एवढंच. गुण तिला, कुस्ती तिची.

नंतर आम्ही भिंतीला टेकून बसलो. हातात पाण्याच्या बाटल्या होत्या, पण झाकण दोघींनाही उघडेना.

"तू त्रेपन्न का सोडलंस?" मी विचारलं.

"तू होतीस म्हणून. मागच्या टायमाला तू पडलीस, पर माझा खांदा दोन महिनं वर होत नव्हता. आमचे सर म्हणले, तिच्या नादी लागू नको, खाली उतर. आन् तू?"

"तू होतीस म्हणून."

ती हसायला लागली, पण हसल्यावर तिच्या बरगडीत कळ आली. तेवढ्यात मैंदर्गीची एक गुटगुटीत मुलगी गळ्यात पदक घालून तिथून चालली होती. तिनं आमची अवस्था बघितली आणि दोन्ही झाकणं चटकन उघडून दिली.

"कुठल्या गटात?" मी विचारलं.

"त्रेपन्न. पर मला कुस्तीच लागली न्हाई बघा. कोण आलंच न्हाई. पंचांनी नुस्ता हात वर केला," ती खट्टू होऊन म्हणाली. "मी घरनं पोहे खाऊन आल्ते."

पुढे करमाळ्याची राज्य स्पर्धेला पुन्हा तशीच वाळून गेली आणि पहिल्याच कुस्तीत पायात गोळे येऊन बाहेर पडली. आमच्या वस्तादांनी तालमीत जाहीर केलं की तिच्यात मुळी दमच न्हाई. त्या संध्याकाळी मी तिला फोन केला. विचारलं, "जेवलीस का?"

"जेवतीय की," ती तोंडातला घास चावता चावता म्हणाली. "आईला म्हणलं, भाकरीचा तवा चुलीवरनं उतरूच नगो."