मंद्रूपच्या बाईंची लिंबाएवढी गाठ

५ डिसेंबर. सून उठायच्या आत भाकऱ्या थापून झाल्या. हात धुतले, गेल्या आठवड्यात गुपचूप करून घेतलेल्या तपासणीचे कागद पिशवीत तळाला घातले आणि वर टॉवेल टाकला. घरी सांगितलं होतं, सोलापूरला चादरी घ्यायला चालले. खरं कारण डाव्या स्तनातली गाठ. आठ महिने एकटीनं सांभाळली, आता ती मोसंबीहून मोठी झाली होती.

वैरागहून सकाळची एसटी मिळाली. खिडकी बंद होत नव्हती, म्हणून पदर कानावर घेऊन बसले. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी उभी होती. स्टँडवरून रिक्षानं दवाखाना गाठला, तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये. दोन तास थांबायचं.

बाकावर शेजारी मंद्रूपच्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. सोबत सून. ऑपरेशन झालेलं, आज टाके काढायचे होते. त्यांचा आजारही माझाच निघाला: स्तनातली फायलोड्स नावाची गाठ. सुनेनं डबा उघडला, कडक भाकरी दह्यात चुरली, वर शेंगाचटणी घातली.

"अत्ती (सासूबाई), खावा की."

दोन घास मलाही दिले. चव उत्तम होती, तेही सहन झालं नाही.

"तुमी कुणासंगं आलाय?" बाईंनी विचारलं.

"एकटीच. घरी सांगितलं नाही."

"मी तरी कुटं सांगितलं असतं! दिवाळीच्या आंघोळीला हिनं तेल लावलं, तवा हिच्या हाताला लागली. लिंबाएवढी. चौथ्या दिवशी हितं घेऊन आली. गाठ तेवढी काढली, बाकी समदं जागच्या जागी हाय."

"अत्ती, समद्या दवाखान्याला सांगणार व्हय?" सून म्हणाली आणि दोघी हसल्या.

मला त्या हसण्याचा राग आला. दिवाळीला माझी सूनही तेलाची वाटी घेऊन न्हाणीच्या दाराशी आली होती. मी आतून कडी लावली होती.

डॉक्टरांनी कागद वाचले. "ही गाठ क्वचित दिसते. बहुतेकदा जिवावर बेतत नाही, पण भराभर वाढते. औषधानं जात नाही. काढताना भोवतीचा थोडा चांगला भागही घ्यावा लागतो, नाहीतर तिथंच पुन्हा येऊ शकते. तुमची इतकी मोठी आहे, की पूर्ण स्तन काढावा लागेल."

"बाहेरच्या बाईंचा तर राहिला."

"त्या लवकर आल्या, मावशी. घरचं माणूस घेऊन या, मग तारीख ठरवू."

चादरी घेणं भाग होतं, दोन घेतल्या. परतीच्या एसटीत मनात एकच गोष्ट होती: मला त्या बाईंची गाठ हवी होती. गाठ, सून, दही-भाकरी, सगळंच. वैरागहून सोलापूर दीड तासावर. मला पोचायला आठ महिने लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापल्यावर सुनेला न्हाणीत बोलावलं आणि तिचा हात धरून गाठीवर ठेवला.

"आत्याबाई, कधीपासून?"

"आठ महिने."

ती एवढ्यानं ओरडली, की बाहेर मुलाच्या हातातला चहा सांडला. मी म्हटलं, "ओरडून झालं की दवाखान्यात फोन लाव. सोबत तू यायचंस."