अंगणाखालची काचेची तार

आटपाट लातूर होतं. तिथं एक म्हातारी राहायची, ती मी. मला एक लेक, बालाजी. एक सून, रेखा. पुढं पत्र्याचं घर, मागं स्लॅबची इमारत, मधी अंगण. या अंगणाखालून नेटची एक तार न्यायची होती, एवढीच ही कहाणी. पण तार एक अन् किस्से किती! जळमटासारखं हाय हे. एक ओढावं तर मागं दुसरं लोंबत येतं.

भूकंपात आमचं निलंग्याकडचं माळवदाचं घर बसलं. त्यात मालक गेले. तवापासून डोक्यावर जड छत म्हटलं की माझा श्वास अडकतो. शेत विकून बालाजीनं लातुरात जागा घेतली, तेव्हा मी बजावलं होतं, "दोन इमारती चिकटू देऊ नकोस बाबा. एक पडली तर दुसरीत ऱ्हाता येईल!" त्यानं ऐकलं. मी पत्र्याखाली, अन् स्लॅबच्या इमारतीत रेखाचं मुलींचं हॉस्टेल. मी तिकडं पाऊल टाकत नव्हते. पोरींना जेवायला हाक मारायची तर अंगणातूनच.

पोरी मुखेडच्या, भोकरच्या, सगळ्या डॉक्टरकीच्या क्लाससाठी आलेल्या. क्लासचे सर दर रविवारी कॉम्प्युटरवर पेपर घ्यायचे, अन् पोरी तो हॉस्टेलातच बसून द्यायच्या. पण नेट यायचं पुढच्या घरात. मागं पोचेना! पेपर चालू असताना नेट गेलं की पेपर बंद. जेवढं सोडवलं तेवढंच धरायचं.

सरांनी रेखाला निरोप दिला, "ताई, मागं पक्की लाइन टाका. न्हाईतर मला मुली दुसरीकडं हलवाव्या लागतील."

पोरी गेल्या तर आमच्याकडं दुसरं होतं काय? शेत तर त्या भिंतींतच गेलेलं.

*

पहिली तार बालाजीनं वरून नेली. पत्र्यापासून गच्चीपर्यंत, दोरीसारखी. दोरीसारखी दिसली म्हणून एका पोरीनं तिच्यावर ओली चादर टाकली!

ऐन पेपरात मागून बोंब उठली. रेखा पळत अंगणात आली, वर बघितलं अन् ओरडली, "अगं माय! नेट वाळत कुणी घातलंय?"

चादर काढली. पण तार आतून तुटलेली ती तुटलेलीच.

*

मग ठरलं, जमिनीखालून न्यायची. घरातल्या घरात वापरतात ती पांढरी तार बालाजीनं तशीच मातीत पुरली. मी म्हटलं, "पाइप न्हाई, काही न्हाई, उघडी कशी पुरायलास?"

"माय, तुला काय कळतंय त्यातलं?"

पाऊस पडला. आठवडाभरात नेट बंद. उकरून बघितलं तर तार पाण्यानं फुगलेली, अन् मधला तुकडा घुशीनं कुरतडून नेलेला.

रेखा कपाळाला हात लावून म्हणाली, "आता घुशीनं बी डॉक्टरकीचं मनावर घेतलं!"

सगळे हसले. मी हसले न्हाई. मुखेडची शिवकन्या पायरीवर बसून रडायली होती. तिचा पेपर निम्मा गेला होता.

*

तिसरी तार घराबाहेर वापरतात ती, जाड, काळी, तांब्याची. पाइपातून नेली. उन्हाळाभर झकास चालली. बालाजी मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "बघ माय, कळतंय का न्हाई मला?"

मग वळीव आला. शेजारच्या नारळावर वीज कोसळली अन् आमच्या अंगणाखालून ठासकन आवाज आला. तारेच्या ह्या टोकाचा नेटचा डबा जळला, त्या टोकाचा, पोरींच्या टेबलावरचा, बी जळला. शिवकन्येचा हात नेमका टेबलाच्या लोखंडाला लागलेला. अशी झिणझिणी बसली की पोर भिंतीला टेकली ती बोलेचना. रेखानं पाणी पाजलं, पाठ चोळली, तवा तोंडातून शब्द निघाला.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप पहिल्या एसटीनं हजर. टोपी काढली न्हाई, पाणी घेतलं न्हाई. "मावशी, मी लेकीला शिकायला ठिवलंय, विजेच्या खांबाला न्हाई बांधलं!"

खरंच होतं ते. रेखा म्हणाली, "दादा, एका रविवारची मुदत द्या."

तो लेकीकडं बघत म्हणाला, "एकच." सरांनी बी तेवढीच मुदत दिली होती.

*

नांदेडहून रफीक आला, तारा टाकणारा. जळलेला डबा हातात फिरवून म्हणाला, "दो बिल्डिंग के बीच में तांबा डालेच कायकू? तांबा बिजली को बुलाता, अम्मा. काच की तार डालो. उस में से सिर्फ उजाला जाता."

मी म्हटलं, "काच? अन् जमिनीत? ती फुटंल की रे!"

बालाजी बी अडला. "तांबं तुटलं तर मी जोडतो. काच तुटली तर?"

"मशीन लगती," रफीक म्हणाला. "मेरे को नांदेड से आना पडता."

म्हणजे रविवारी तुटली तर सगळंच संपलं. रेखा जळक्या डब्याकडं बघत होती. मग म्हणाली, "काच तुटली तर पेपर जाईल. तांब्यातून वीज आली तर पोर जाईल. काच टाका, भाऊ."

*

खड्डा खोल घेतला, जाड पाइप, वर विटांचा थर. सगळं झालं, अन् दोन्ही टोकांना रफीकनं तारेचं एकेक वेटोळं तसंच ठेवलं.

मी म्हटलं, "उरली असंल तर कापून ने की. पसारा कशाला?"

"उरी नै, अम्मा. जानबूझ के छोडा. काली जमीन है. गर्मी में फटती, बारिश में फुगती. जमीन हिली तो तार को ढील होना."

जमीन हिली तर! मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले.

"मग एका वेटोळ्यानं काय हुतंय? दोन ठेव!"

बालाजी ओरडला, "माय!"

रफीकनं दोन ठेवली.

*

रविवार उजाडला. पोरी मागं पेपरला बसल्या. बालाजी पुढच्या घरात डब्यावरचे हिरवे दिवे बघत उभा, रेखा अंगणात येरझाऱ्या घालायली. अन् जमिनीच्या पोटातून गुरगुर आली. पत्रे थरथरले, मांडणीवरची भांडी वाजली. तो आवाज मी कुठंबी ओळखते.

"बाहेर! सगळ्याजणी बाहेर!" मी एवढी ओरडले की गल्ली गोळा झाली. पोरी धावत अंगणात आल्या. मी तोंडं बघत गेले. शिवकन्या न्हाई!

मग मी स्लॅबखाली कधी शिरले, मला ठाऊक न्हाई. पोर खुर्चीत बसलेली, डोळे समोर. मी तिचं मनगट धरलं अन् ओढलं.

"आजी, हात सोडा! टाइम चालू हाय!"

"अगं, जमीन हलायली!"

"जमीन थांबली आजी. नेट बी चालू हाय!"

खरंच थांबली होती. मनगट मी सोडलं, पण खुर्चीची पाठ धरून तिच्यामागं उभी राहिले. हळूहळू बाकीच्या पोरी आत आल्या. सगळ्यांचे पेपर उघडेच होते.

*

शिवकन्येचा डॉक्टरकीला नंबर लागला. सरांनी आणखी पोरी पाठवल्या, हॉस्टेल भरलं, रेखानं वर मजला चढवला. अन् एक दिवस मुखेडच्या एसटीतून शिवकन्येचा बाप पेढे घेऊन उतरला. सोबत धाकटी लेक, वळकटी अन् पेटीसकट!

रेखा त्याला खोली दाखवायला मागं घेऊन आली. खालच्या खोलीत माझी बाज, माझा तांब्या, माझी गोधडी. तो दारातच थबकला.

"मावशी, तुमी तर पत्र्याखाली निजत होता ना?"

मी म्हटलं, "हिकडं नेट चांगलं येतंय!"