मागच्या दाराबाहेरचा खड्डा

यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हा आमच्या गाझियाबादच्या घरातून मागच्या अंगणात उतरायला चार पायऱ्या होत्या. डॉक्टरांनी व्हीलचेअरचं सांगितलं. तीन महिने ते पुनर्वसन केंद्रात राहणार होते. तेवढ्या वेळात मी घराची रचना बदलून घ्यायचं ठरवलं. मोठं न्हाणीघर, सगळे उंबरठे काढून टाकायचे, पायऱ्यांच्या जागी उतार, अंगणात खुर्ची फिरेल अशी फरशीची वाट आणि कडेनं गुलाब. थंडीतले रविवार ते कायम त्या अंगणात उन्हाला बसून काढायचे.

दिवाळीच्या आधी पायऱ्या फोडल्या, अंगण खणलं आणि प्रदूषणानं हवा बिघडली म्हणून सरकारची बांधकामांवर बंदी आली. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, खुलेगा तो सबसे पहले आपका." मजूर गावी निघून गेले. न्हाणीघराला दार नव्हतं, स्वयंपाकाची शेगडी बेडरूममध्ये होती आणि मागचं दार उघडलं की कमरेइतका खोल खड्डा.

केंद्रात भेटायला गेले की मी यांना सांगायचे, "छान चाललंय, उतार झालाच समजा."

मग त्यांना घरी सोडायचा दिवस ठरला. मी डॉक्टरांना विचारलं, अजून महिनाभर ठेवून घेता येईल का? दार अर्धवट उघडं होतं. यांनी ऐकलं.

घरी आल्यावर चार दिवस ते माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले. मागच्या दाराला मी कडी घालून ठेवली होती. पाचव्या दिवशी औषधं घेऊन परतले तर दार सताड उघडं. डाव्या हातानं कडी काढून ते चौकटीत येऊन बसले होते. खुर्चीची पुढची चाकं कडेपासून वीतभरही लांब नव्हती. हातातली पिशवी टाकून मी खुर्ची मागे ओढली.

"बघायचं होतं," ते म्हणाले. जीभ अजून जड होती. "उतार झालाय म्हणालीस."

मी खाली जमिनीवरच बसले.

"मला तिथंच ठेवायचं होतं तुला."

नाही म्हणावंसं वाटलं, पण आणखी एक खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "हो," म्हटलं. "मला हे जमणार नाही असं वाटतं. रोज वाटतं."

 खड्ड्याकडे बघत ते म्हणाले, "मलाही."

दुसऱ्या दिवसापासून ठेकेदारानं फोन उचलणं बंद केलं. मी घमेलं आणि फावडं घेतलं आणि अंगणातल्या ढिगातली माती खड्ड्यात लोटायला लागले. वय बासष्ट. दहा घमेली झाली की पाठ धरायची. शेजारच्या बाई गच्चीतून म्हणाल्या, "भाभीजी, धूल मत उड़ाइए, कंप्लेंट हो जाएगी." मग मी आधी पाणी मारायचे आणि ओली, दुप्पट जड माती उचलायचे. हे दारात बसून सांगायचे, इथं दाब, तिथं अजून टाक. एकदा माझा तोल जाऊन मी खड्ड्यात पडले. त्यांना उठता येईना आणि मला वर येता येईना. आम्ही दोघंही तसेच रडत राहिलो.

अकरा दिवसांनी मातीचा ओबडधोबड उतार झाला. त्यावर जुन्या पलंगाच्या फळ्या टाकल्या. खुर्ची खाली नेली, पण मध्येच एक चाक फळीवरून घसरून चिखलात रुतलं. मला ते हलेना. शेवटी शेजारच्या त्याच बाईंना हाक मारली. त्या साडीचा पदर खोचून आल्या आणि दोघींनी मिळून खुर्ची अंगणात ढकलली.

ऊन नव्हतंच. आकाश धुरकट होतं, समोर विटांचा आणि राडारोड्याचा ढीग. हे वीस मिनिटं बसले. "उद्या पुन्हा आणशील?" त्यांनी विचारलं.

मी शेजारणीकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ग्यारह बजे आ जाऊँगी."