वसंतकाकांची परवानगी

आधीच सांगते, मी भूतखेत मानत नाही. अंगात आलेल्या बाईला मी भर चौकात विचारलंय, देवीला माझा मोबाईल नंबर तरी माहीत आहे का म्हणून. त्यामुळे हे वाचून "ताई, नारळ फोडा" असा सल्ला कुणी देऊ नका... फोडणार नाही.

मी राहते अमडापूरला आणि रोज एसटीने चिखलीला येते. तिथे बसस्टँडजवळ आमचं डीटीपीचं दुकान आहे, मुख्य काम लग्नपत्रिकांचं. दुकान वसंतकाकांचं. दहा वर्षं त्यांनी मला सगळं शिकवलं, पण कॉम्प्युटरचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट स्वतःच्याच नावावर ठेवलं. मी साधी यूजर. एक फॉन्ट टाकायचा म्हटलं तरी स्क्रीनवर चौकट यायची — परवानगी नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारा. मग काका चहाचा कप खाली ठेवणार, मला तोंड फिरवायला लावणार आणि पासवर्ड टाकणार. मी चिडले की म्हणायचे, "तुले काऊन पाह्यजे पासवर्ड? मी हाये ना बसेल अठी!"

गेल्या वर्षी काका गेले. काकूंनी दुकान माझ्या हवाली केलं. पहिल्याच आठवड्यात मी मेकॅनिक बोलावून स्वतःला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून घेतलं आणि काकांचं अकाउंट उडवलं. वाईट वाटलं का? नाही. मोकळं वाटलं.

ही गोष्ट यंदाच्या उन्हाळ्यातली, भर दुपारची. पुतणीच्या पत्रिकेसाठी एक गृहस्थ आले होते, सोबत मुलीची आई. मुलीचे वडील वारलेले. आमच्याकडे काकांनी लावलेला एक नियम आहे — छापायच्या आधी कच्ची प्रत आईने मोठ्याने वाचायची आणि खाली सही करायची. मी प्रत बाईंच्या हातात दिली, तर दिराने ती मधेच घेतली.

"ताई, वहिनीचं नाव काढा. पांढऱ्या कपाळाचं नाव मंगलकार्यात बरं दिसत नाई."

मी बाईंकडे पाहिलं. त्या बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. म्हणाल्या, "काढा बाई. मले काई वाटत नाई."

खोटं कशाला बोलू? मी काढायला बसले. सीझनचं पहिलं मोठं काम, गिऱ्हाईक कोण घालवणार! नाव पुसलं, सेव्ह केलं... आणि चौकट आली. या फाईलमध्ये बदल करायला 'वसंतकाका' यांची परवानगी लागेल.

फाईल मी त्याच सकाळी बनवलेली. मालक म्हणून माझंच नाव दिसत होतं. दुसऱ्या नावाने सेव्ह केली — तीच चौकट. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, अख्खी पत्रिका नव्याने टाईप केली, बाईंच्या नावाशिवाय — तीच चौकट! दुसऱ्या एका पत्रिकेत बदल करून पाहिला, तो मुकाट्याने झाला. मेकॅनिकला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन, "ताई, उडवलेल्या अकाउंटचं नाव येतच नसते, तिथं नुसते आकडे येतात. हे कसं काय आलं?"

दीर वैतागले. "तुमचं मशीन काऊन अडून राह्यलं?"

मला राग आला. मशीनचा, त्या माणसाचा आणि सगळ्यात जास्त माझा. मी म्हणाले, "मशीन नाही, मीच अडून राह्यली. नाव राहील. नसेल पटत तर पत्रिका दुसरीकडे छापा."

ते बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलले. काय बोलणं झालं, मला माहीत नाही. परत आले आणि म्हणाले, "लिहा काय लिहायचं ते." बाईंनी प्रत घेतली. अडखळत वाचू लागल्या. स्वतःच्या नावापाशी थांबल्या, ते पुन्हा एकदा वाचलं आणि सही केली. मी सेव्ह दाबलं. या वेळी चौकट आली नाही.

आता एक राहिलंय. माझ्या लग्नाची पत्रिकाही याच दुकानात छापली होती. माझे वडील नव्हते. मामांनी सांगितलं आणि काकांनी आईचं नाव काढलं. आईने ती पत्रिका मागून पुढून पाहिली आणि घडी घालून ठेवली. लग्न झाल्यावर मी ती घेऊन काकांशी भांडायला आले. ते म्हणाले, "चुकलं माह्यं." आईने वाचायचा नियम त्या दिवसापासूनचा, आणि माझी नोकरीही.

मैत्रिणी म्हणतात, काकांनीच हात धरला तुझा. मी नाही मानत. चौकट का आली, ते मला अजून सापडलेलं नाही, मेकॅनिकलाही नाही. पण समजा काकाच असतील, तर त्यांना माझा एकच सवाल आहे. माझ्या आईचं नाव पुसलं तेव्हा तुम्ही जिवंत होता, याच खुर्चीत होता आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही तुम्हीच होता... तेव्हा काऊन दिली परवानगी?